ज्या माथ्यावर जाता येत नाही

नाशिककराला डोंगर दिसला की पाय शिवशिवतात. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, हनुमान जयंतीला अंजनेरी, नवरात्रात सप्तशृंगगड आणि चांदवडची रेणुका, रोज पहाटे पांडवलेणी, रविवारी हरिहरच्या त्या छाती दडपणाऱ्या उभ्या पायऱ्या. आणि पहिला पाऊस पडला की गाडी काढून कुठेही, फक्त धबधबा आणि कांदाभजी एका ठिकाणी मिळायला हवीत. या शहराचं डोंगरांवर प्रेम आहे यात शंका नाही. मात्र ते प्रेम पायांचं आहे. चढायचं, हात जोडायचे, फोटो काढायचा, उतरायचं.

म्हणूनच पेठ रस्त्यावरून जाताना रामशेजच्या शेजारी उभा असलेला एक मोठा डोंगर बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. रामशेज सगळ्यांना ठाऊक आहे. वाटेत पाटी आहे, पायथ्याला आशेवाडी आहे, वर रामाचं देऊळ आहे, इतिहास आहे. बोरगडाचं तसं नाही. किल्ले भटकणारी मंडळी त्याला भोरगड म्हणतात, शेजारच्या देहेरगडाबरोबर त्याचं नाव जोडीनं घेतात, आणि पुढे लगेच सांगतात की वर जाता येत नाही. माथ्यावर भारतीय वायुदलाचं रडार केंद्र आहे. तिथे जाणारा रस्ता आहे, पण तो तुमच्या-आमच्यासाठी नाही.

हा न चढता येणारा डोंगर २००८ साली महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. क्षेत्रफळ ३.४९ चौरस किलोमीटर. म्हणजे साधारण ८६० एकर. दिंडोरीच्या द्राक्षबागायतदाराच्या डोळ्यासमोर आकडा नीट उभा राहावा म्हणून एकरात सांगितलं. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्याच्या एखाद्या कोपऱ्यात हा सगळा बोरगड हरवून जाईल. नाशिक शहरापासून बोरगडाचं अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. एवढ्याशा जागेला कायद्याचं कवच मिळवून देण्यासाठी काही माणसांनी का आणि कशी धडपड केली, ही गोष्ट शहराला अजून पुरती माहीत नाही. शहराने तिथे गर्दी केली नाही, हेही त्या डोंगराच्या पथ्यावरच पडलं असावं.

कायदा समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला मुख्यतः राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हेच दोन मोठे खण होते. दोन्हींत सरकार जागेभोवती रेघ ओढतं, आतल्या माणसांच्या हक्कांची चौकशी करतं, मग काही हक्क राहतात, बरेच जातात. ‘अभयारण्य येणार’ असं नुसतं कानावर आलं तरी गावकऱ्यांच्या पोटात गोळा येतो तो यामुळे. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, एप्रिल २००३ पासून ती अमलात आली, आणि कलम ३६-अ नावाची एक मधली वाट निघाली. सरकारी मालकीची जागा, विशेषतः एखाद्या अभयारण्याला लागून असलेली किंवा दोन जंगलांना जोडणारी, स्थानिक लोकांशी सल्लामसलत करून संवर्धन राखीव म्हणून जाहीर करता येते. उद्देशात प्राणी आणि वनस्पती यांच्याही आधी भूदृश्य येतं, म्हणजे डोंगर, उतार, नाले, गवत, कडा असा सगळा देखावाच जपायचा. आतल्या किंवा आजूबाजूच्या लोकांचे हक्क तसेच राहतात. आग लावायची नाही, विष किंवा स्फोटकं वापरायची नाहीत, अशा मोजक्या मनाया. देशातलं असं पहिलं क्षेत्र तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात तिरुप्पुडैमरुदूर इथे २००५ साली झालं. तिथे गावातल्या झाडांवर पाणपक्षी घरटी करतात आणि गाव त्यांना सांभाळतं. तीन वर्षांनी महाराष्ट्राचा नंबर लागला तो बोरगडाने.

ही वाट सोयीची आहे, आणि तिचा कमकुवतपणाही त्या सोयीतच आहे. गावकऱ्यांचं काही काढून घेत नाही म्हणून विरोध होत नाही. पण काही काढून घेत नाही, म्हणून एकट्या अधिसूचनेच्या जोरावर डोंगरात फारसं काही बदलतही नाही. कुऱ्हाड पूर्वी पडत होती तशी उद्याही पडू शकते. मग फरक पडतो कशाने?

बोरगडापुरतं त्याचं उत्तर माणसांत सापडतं. ‘नेचर कॉन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक’ ही संस्था आणि तिचे विश्वरूप राहा यांचं नाव या डोंगराशी कायमचं जोडलं गेलं आहे. राहा हे आडनावाने बंगाली, कामाने नाशिककर, आणि पक्ष्यांच्या मागे वेडे. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या बाजूचे डोंगर त्या काळात जसे होते तसाच बोरगडही बोडका झाला होता. सरपणासाठी तोड, वर्षभर मोकाट चराई, उन्हाळ्यात वणवा, आणि पावसाळ्यात धुऊन जाणारी माती. संस्थेने वनखात्याला सोबत घेतलं, पायथ्याच्या तुंगलदऱ्याच्या आदिवासी कुटुंबांना सोबत घेतलं, आणि काम सुरू केलं. रोपं लावणं, पाणवठे करणं, चराई आणि तोड थोपवणं. असल्या कामाची बातमी होत नाही, कारण त्यातलं निम्मं काम म्हणजे काहीतरी घडू न देणं. जी फांदी तुटली नाही तिचा फोटो काढता येत नाही.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी हे शब्द महाराष्ट्राला राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारमुळे पाठ झाले आहेत. शहरात बसून ते फार सोपे वाटतात. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि दोन बैल आहेत, आणि जमीन खडकाळ उतारावर दोन-अडीच एकर, त्याच्या दृष्टीने डोंगर हे गायरान असतं, सरपणाची वखार असते, करवंदं-मोहाची बाजारपेठ असते. त्याला ‘वर जनावरं सोडू नका’ सांगायचं, तर बदल्यात काहीतरी हातात द्यावं लागतं. बंद केलेल्या उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी गवत कमरेएवढं होतं. ते कापून डोक्यावरून खाली आणायचं, गुरांना गोठ्यात घालायचं. गवताला तोटा नसतो, कष्टाला मात्र पारावार नसतो, आणि ते कष्ट बहुतेक घरांत बाईच्या वाट्याला येतात. डोंगर राखला गेला असं जेव्हा वर्तमानपत्रात येतं तेव्हा तो भारा कुणाच्या मानेवरून उतरला, हेही यायला हवं. येत नाही.

वणव्याचं प्रकरण आणखी अवघड. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकच्या चारी बाजूंचे डोंगर रात्री पेटलेले दिसतात, काळ्या पडद्यावर नारिंगी दोऱ्यासारखी आग वर सरकत असते. जाळल्याने पुढच्या पावसात गवत जोमाने येतं ही समजूत पक्की आहे. मोहफुलं वेचायला खालचा पालापाचोळा जाळून जागा मोकळी करतात. शेतात राब भाजताना ठिणगी बांधापलीकडे जाते. आणि हल्ली विझवल्याशिवाय फेकलेली विडी-सिगारेट, डोंगरावरच्या पार्टीची चूल, एखाद्याचा निव्वळ आगाऊपणा. जाळरेषा वेळेत काढल्या तर आग थांबते. नाही काढल्या, तर पाच वर्षांचं रोप एका रात्रीत जातं. त्यामुळे राखीव क्षेत्राचा सगळ्यात महत्त्वाचा सरकारी कागद कोणता, असं विचारलं तर अधिसूचनेआधी जानेवारीतल्या जाळरेषेच्या मजुरीचं बिल दाखवावं लागेल.

आता बोरगडाच्या कड्यांकडे बघू. नाशिकचे डोंगर सपाट माथ्याचे, जणू कुणीतरी वरचा भाग कापून नेला आहे. दख्खनच्या लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आणि त्यांचा बेसॉल्ट झाला. थरांमधला मऊ, लालसर मातकट पट्टा वारा-पाऊस आधी खातात, वरचा कठीण दगड पुढे झुकून राहतो. मधे आडवी कपार तयार होते: वरून छप्पर, खाली शंभर-दीडशे फुटांचा तुटलेला कडा. लांब चोचीच्या गिधाडाला घरट्यासाठी हीच जागा लागते. त्याचा भाऊ, पांढऱ्या पुठ्ठ्याचं गिधाड, उंच झाडावर घरटं करतो. हा मात्र कड्याचा रहिवासी. बोरगडच्या कड्यांवर या पक्ष्याचा वावर आहे, आणि त्याच्यामुळे या ८६० एकरांचं वजन एकदम वाढतं.

गिधाडांचं काय झालं ते आता शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं, निदान असायला हवं. नव्वदच्या दशकात भारतीय उपखंडातली गिधाडं अशी नाहीशी झाली की पक्षीतज्ज्ञांनाही विश्वास बसेना. शेकड्यांत नव्वदहून अधिक गेली. रोग असेल, कीटकनाशक असेल, अन्न कमी पडलं असेल, असे तर्क चालले. २००४ साली लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांचा अभ्यास करून खरा गुन्हेगार दाखवला: डायक्लोफिनॅक. आपल्या पाठदुखीवर चालणारं साधं वेदनाशामक. गुरांना ते टोचलं जायचं, जनावर मेलं की गिधाडं ते खायची, आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुपीतून ते गुरांपर्यंत पोचत राहिलं. म्हणून २०१५ मध्ये मोठ्या कुप्याही बंद करून तीन मिलिलिटरची मर्यादा आणावी लागली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकचा नंबर लागला. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडं घालते, आणि पिल्लू वयात यायला पाच-एक वर्षं जातात. वीस वर्षांत गेलेलं परत मिळायला किती काळ लागेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

गंमत अशी की गिधाडाला देवाचा दर्जा देणारी जागाही याच जिल्ह्यात आहे. इगतपुरी तालुक्यातलं टाकेद. सीतेला सोडवताना रावणाशी लढून जखमी झालेला जटायू इथे पडला आणि त्याच्या तोंडात पाणी घालण्यासाठी रामाने सगळी तीर्थं इथे आणली, म्हणून सर्वतीर्थ टाकेद. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते. जटायूच्या कुंडात अंघोळ करणाऱ्या त्या गर्दीतल्या किती जणांनी जिवंत गिधाड पाहिलं असेल? तिकडे हरसूलच्या जंगलात खोरीपाड्याला वनखात्याने आणि गावकऱ्यांनी मिळून ‘गिधाड रेस्टॉरंट’ चालवलं: मेलेलं जनावर पुरायचं किंवा नाल्यात टाकायचं नाही, ठरलेल्या मोकळ्या जागी आणून ठेवायचं. नाव थोडं चावट आहे, काम मात्र उपयोगाचं आहे.

बोरगडाच्या मर्यादेचाही उलगडा इथेच होतो. गिधाड एका दिवसात कित्येक मैल हिंडतं. बोरगड ही त्याची निजायची खोली. स्वयंपाकघर चार तालुक्यांत पसरलेलं. खोली कितीही चांगली राखली तरी स्वयंपाकघरात विष असेल तर उपयोग काय?

नुसती जागा राखून भागतं का, या प्रश्नाला नाशिकमध्येच एक जुना, चक्क एकोणीसशे वर्षांचा, संदर्भ आहे. पांडवलेण्यांचा डोंगर, त्रिरश्मी, आता शहराच्या पोटातच आला आहे. पायथ्याला फाळके स्मारक आहे, समोरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. चोवीस लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आज्ञा कोरलेल्या आहेत. राज्यवर्ष अठरा. राजा गोवर्धनच्या अमात्याला, विष्णुपालिताला, कळवतो: आधी उषवदात नावाच्या माणसाकडे असलेलं दोनशे निवर्तनांचं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत आता या डोंगरावरच्या भिक्षूंना दिलं आहे. त्या शेताला संरक्षण कसलं, तेही सांगितलं आहे. राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही. कुणी हात लावायचा नाही. मिठासाठी खणायचं नाही. जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी ढवळाढवळ करायची नाही. शहराच्या कडेच्या डोंगराशी बांधलेली, प्रवेशबंदी आणि खोदकामबंदी असलेली जमीन! ज्या गोवर्धनात तो अमात्य बसायचा ते गाव गंगापूरच्या बाजूला आजही आहे.

शिलालेखांची गोष्ट तिथेच संपली असती तर राजाच्या दूरदृष्टीवर भाषण करता आलं असतं. पण त्याच लेण्यात सहा वर्षांनंतरचं, राज्यवर्ष चोवीसचं, दुसरं पत्र आहे. त्यात राजा आणि त्याची आई मिळून नव्या अमात्याला, श्यामकाला, सांगतात की पूर्वी कखडी गावात भिक्षूंना जे शेत दिलं होतं ते कसलं जात नाही आणि गावही वसलेलं नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या मालकीच्या जमिनीतून शंभर निवर्तनं द्यावीत. म्हणजे सगळ्या सवलती, सगळ्या मनाया, दगडावर कोरलेली आज्ञा, आणि प्रत्यक्ष जागेवर काय? माणूस नाही, नांगर नाही. सहा वर्षांत फाइल पुन्हा टेबलावर. मंत्रालयात फेऱ्या मारलेल्या कुठल्याही कार्यकर्त्याला हे वाचून हसू येईल. राजाने चूक झाकली नाही, उलट भिंतीवर कोरून ठेवली, एवढा एक फरक.

बोरगडाच्या शेजारचा रामशेजही असाच बोलका साक्षीदार आहे. १६८२ पासून औरंगजेबाच्या सरदारांनी या आटोपशीर किल्ल्याला वेढा घातला आणि पाच-सहा वर्षं तो हाती लागला नाही. खाफीखान लिहितो की किल्ल्यावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून मराठ्यांनी लाकूड पोखरून त्यावर कातडी चढवली आणि त्या तोफांनी मारा केला. मोगलांनी खालून किल्ल्यावर मारा करता यावा म्हणून लाकडाचा प्रचंड दमदमा उभारला. इतिहासाची पुस्तकं किल्लेदाराच्या शौर्याबद्दल सांगतात, आणि ते रास्तच आहे. पण एवढं लाकूड आलं कुठून? आजूबाजूचे डोंगर त्या वर्षांत किती उतरले असतील, याचा हिशेब कुठल्याच बखरीत नाही.

हल्लीचे वेढे वेगळे आहेत. २००१ च्या जनगणनेत नाशिक शहर पावणेअकरा लाखांचं होतं, २०११ मध्ये पंधरा लाखांच्या उंबऱ्यावर आलं. म्हसरूळ, मखमलाबाद ही गावं होती, आता त्या वसाहती आहेत. पेठ रस्त्याला आणि दिंडोरी रस्त्याला लागून एनए प्लॉटच्या पाट्या, जाहिरातीत हटकून एक हिरवा डोंगर. डोंगर दाखवून प्लॉट विकायचा आणि प्लॉटचा पाया भरायला मुरूम डोंगरातून आणायचा, असा हा व्यवहार आहे. बेळगाव ढग्याजवळच्या संतोषा आणि भागडी डोंगरांसाठी २०२१ च्या सुमारास नाशिकमध्ये आंदोलन उभं राहिलं ते याच कारणाने. सारूळकडच्या खाणींच्या तक्रारीही जुन्याच. खडी क्रशर दिवसरात्र चालतो, डोंगर पुन्हा उगवत नाही, आणि महसूल खात्याच्या वहीत त्याची नोंद ‘गौण खनिज’ अशी होते. गोदावरी जिथे उगम पावते त्या डोंगररांगेत हे चाललं आहे, एवढं सांगितलं तरी पुरे.

शहर आणि डोंगर यांच्यातल्या हद्दी बिबट्याने कधीच मानल्या नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला, बघ्यांची झुंबड उडाली, माणसं जखमी झाली. त्या दिवशी सगळं शहर विचारत होतं, बिबट्या शहरात आला कसा? उलटा प्रश्न विचारणारे थोडे होते.

अंजनेरीची कथा बोरगडाच्या समोर ठेवून बघावी. त्र्यंबक रस्त्यावरचा हा डोंगर २०१७ मध्ये संवर्धन राखीव झाला. क्षेत्र साडेपाच चौरस किलोमीटरच्या आसपास. इथेही कड्यांत गिधाडं आहेत. माथ्याच्या पठारावर पावसाळ्यात एक इवलंसं कंदीलपुष्प उगवतं, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली शास्त्राला नव्याने कळलेलं आणि डोंगराचं नाव घेऊन जन्मलेलं. चार थेंब पाऊस, बोटभर माती आणि कुणाचा पाय पडणार नाही अशी जागा, एवढंच त्याचं मागणं. पण अंजनेरी म्हणजे हनुमानाचं जन्मस्थान. २०२२ च्या मे महिन्यात किष्किंधेच्या मंडळींनी जन्मस्थानावर हक्क सांगितला, नाशकात धर्मसभा भरली आणि ती हमरीतुमरीवर जाऊन मोडली. जन्मस्थान सिद्ध करायला माणसं हातघाईवर आली, पण त्याच माथ्यापर्यंत गाडीरस्ता न्यावा, ब्रह्मगिरी-अंजनेरीला रोपवे करावा असे प्रस्ताव येतात तेव्हा डोंगराच्या बाजूने उभी राहणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी असतात. पवनपुत्राच्या दर्शनाला पाळण्यात बसून जायचं ही कल्पना खुद्द पवनपुत्राला कशी वाटेल कोण जाणे.

दोन्ही डोंगरांना कायदा एकच, कलम एकच, कड्यांत राहणारा पक्षीही एकच. एकावर श्रद्धा आहे आणि दुसऱ्यावर रडार. श्रद्धेने डोंगर राखले जातात असं आपण देवरायांच्या दाखल्याने सांगत आलो, आणि देवराईत ते खरंही होतं, कारण तिथला देव फांदी तोडली की कोपायचा. पायऱ्या, रेलिंग, वाहनतळ आणि प्रसादाची दुकानं मागणारी श्रद्धा निराळी आहे. तिच्यापेक्षा संगीन घेऊन उभा असलेला पहारेकरी गिधाडाला जास्त उपयोगी पडला, हे कबूल करायला जरा जड जातं. वायुदल तिथे पक्ष्यांसाठी बसलेलं नाही. पण गर्दी वर गेली नाही, हॉटेल झालं नाही, सूर्यास्त बघण्याचा कट्टा झाला नाही.

जगात याच्या उलटही घडलं आहे. इंग्लंडमध्ये मँचेस्टर आणि शेफील्ड या कारखान्यांच्या शहरांच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तो जमीनदारांनी शिकारीसाठी अडवून ठेवला होता. एप्रिल १९३२ मध्ये शेकडो तरुण कामगार मनाई मोडून किंडर स्काउटच्या पठारावर चढले, काहींना तुरुंगवास झाला. १९५१ मध्ये तोच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी आत गावं आहेत, मेंढरं आहेत, शेती आहे. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक वर्गवारीत ते ‘संरक्षित भूदृश्य’ या पाचव्या गटात बसतं. तिथे डोंगर वाचला तो चढण्याचा हक्क मागणाऱ्यांमुळे. नाशिकच्या आजच्या गर्दीला त्या कामगारांची ओळ लावता येणार नाही, पण एक गोष्ट खरी: डोंगर कुणाच्याच ओळखीचा नसेल तर त्याच्यासाठी भांडायलाही कुणी येत नाही. बोरगडाचं एकटेपण त्याला आजवर उपयोगी पडलं. उद्या त्याच्या पायथ्याशी प्लॉट पडायला लागले तर ते महागात पडू शकतं.

शहराने नुसतं चढण्यापलीकडे काही केलंच नाही असं म्हटलं तर अन्याय होईल. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावर ५ जून २०१५ रोजी ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेला हजारो नाशिककर कुदळ-पाणी घेऊन गेले आणि एका दिवसात दहा हजारांहून अधिक देशी झाडं लावली. गिरिपुष्पासारखी भराभर वाढणारी परकी झाडं लावून आकडे पुरे करण्याच्या सरकारी सवयीपेक्षा हे फार वेगळं होतं. पण लावलेल्या रानाचा गवगवा होतो, राखलेल्या रानाचा होत नाही. खड्डा खणणाऱ्या हातांना टाळ्या मिळतात. आणि प्रत्येक उताराला झाडं हवीत असंही नाही: नाशिकच्या पूर्वेला येवल्याजवळ ममदापूरला २०१४ मध्ये जे संवर्धन राखीव झालं ते काळविटांसाठी, आणि काळविटाला दाट सावली नको, उघडं माळरान हवं. तिथे उत्साहाने लावलेलं रोपटं हे अतिक्रमणच.

गेल्या काही वर्षांत याच जिल्ह्यात कळवण, मुरागड, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी अशी आणखी राखीव क्षेत्रं जाहीर झाली आणि त्यांची क्षेत्रफळं बोरगडाच्या कितीतरी पट आहेत. नकाशावर हिरवा रंग चांगलाच पसरला. त्यांतल्या किती ठिकाणी तुंगलदऱ्यासारखं गाव आणि राहांसारखा हट्टी माणूस भेटेल, हे अधिसूचनेत लिहून देता येत नाही. कायद्याने मात्र एक खुर्च्यांची व्यवस्था करून ठेवली आहे. कलम ३६-ब प्रमाणे प्रत्येक संवर्धन राखीवासाठी एक समिती असते. तिच्यात वनखात्याचा प्रतिनिधी, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तीन, आणि कृषी व पशुसंवर्धन खात्यांचा एकेक. ती मुख्य वन्यजीव रक्षकाला सल्ला देते, हुकूम नाही.

या समित्यांच्या बैठकीत रोपवाटिका, पाणवठे, कुंपण, पर्यटन यांच्यावर तास-तास बोललं जातं, आणि पशुसंवर्धन खात्याच्या खुर्चीतल्या अधिकाऱ्याला फार तर चराईबद्दल विचारलं जातं. बोरगड आणि अंजनेरीच्या कड्यांपुरतं बघितलं तर सगळ्यात महत्त्वाची माहिती त्याच्याचकडे असायला हवी. दिंडोरी, पेठ, त्र्यंबकच्या दवाखान्यांत लंगडणाऱ्या बैलाला आज कोणतं वेदनाशामक टोचलं जातं; मेलॉक्सिकॅम, जे गिधाडांना मारत नाही, ते पुरेसं येतं का; खाजगी डॉक्टर काय वापरतात, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय काय मिळतं, पांजरपोळातलं मेलेलं जनावर कुठे जातं. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत एवढे पाच प्रश्न पहिल्या क्रमांकावर घालायला ना निधी लागतो, ना नवी अधिसूचना.